मदत हवी आहे: मराठी इंद्रजाल आणि अमर चित्र कथांची यादी करायची आहे, कोणती गाइड वापरू?

चाळकरी:

नमस्कार मंडळी,

लालबागची आमची चाळ पुनर्विकासाला चालली आहे. खोली रिकामी करताना माळ्यावरून मामाची पत्र्याची ट्रंक खाली आली. आत बहुतेक मराठी इंद्रजाल कॉमिक्स, खाली मराठी-इंग्रजी मिसळलेल्या अमर चित्र कथा आणि तळाशी थोडे अमेरिकन अंक. मामा आता डोंबिवलीला असतो. त्याचं म्हणणं, "नीट लावून ठेव, बाकी तुझं तू बघ." मामेभावाला मात्र कुणीतरी सांगितलंय की वेताळाच्या (म्हणजे इंद्रजालमधल्या फँटमच्या) जुन्या अंकांना लाखो मिळतात, त्यामुळे तो घाई करतोय. मला आधी एवढंच कळायला हवं की आपल्याकडे नक्की आहे काय.

अमेरिकेतल्या मैत्रिणीने ओव्हरस्ट्रीटची प्राइस गाइड सुचवली. चाळली, जाडजूड आहे, पण ती अमेरिकन कॉमिक्सची. आपल्या वेताळाला त्यात जागा नाही. तर माझ्या अडचणी अशा:

मराठी इंद्रजालची क्रमवार यादी कुठे मिळेल का? काही अंकांवर साधा क्रमांक आहे, काहींवर व्हॉल्यूम आणि अंक असा दुहेरी, त्यामुळे कुठला कुणाच्या आधी ते लागत नाही. अमर चित्र कथांमध्ये जुनी छपाई कोणती आणि पुनर्मुद्रण कोणतं, हे कसं ओळखायचं? आणि बरेच अंक वाचनालयाने पाच-सहा एकत्र शिवून, पुठ्ठा लावून बाइंड केलेले आहेत. ते सोडवू की तसेच ठेवू?

नुसताच_वाचक:

वाचत आहे. माझ्याही माळ्यावर एक खोका आहे, आता उघडावा लागणार.

रद्दीशोधक:

चाळकरीताई, आधी मामेभावाला थंड करा. कुठल्याही विक्रीच्या साइटवर दिसणारी किंमत ही विकणाऱ्याची इच्छा असते. माल त्या किमतीला गेला का, ते बघायचं. मुंबईच्या फूटपाथवर जुन्या अंकाचा भाव गिऱ्हाइकाचा चेहरा बघून ठरतो. मराठी अंकांना गिऱ्हाईक थोडं, पण जे आहे ते चिवट. छापील भावकोश मिळेल ही आशा सोडा आणि यादीच्या मागे लागा.

आता इंद्रजालचं गणित. मालिका मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट, कोलमन कंपनीने मुंबईतून सुरू केली आणि १९९० मध्ये बंद झाली. पहिले ३२ अंक निव्वळ वेताळाचे. मग मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन वगैरे मंडळी आली आणि १९७६ मध्ये आबिद सुरतींचा बहादूर. साधे क्रमांक ४४३ पर्यंत चालले. ४४४वा अंक व्हॉल्यूम २०, अंक १ म्हणून निघाला आणि पुढे शेवटपर्यंत तीच पद्धत. म्हणजे तुमचे साधे क्रमांकवाले सगळे आधीचे, दुहेरीवाले नंतरचे. व्हॉल्यूमच्या आकड्यात १९६३ मिळवले की वर्ष मिळतं. २० म्हणजे १९८३, २७ म्हणजे १९९०. अर्धी ट्रंक एवढ्यावर लागेल.

आणखी एक. जालावरच्या याद्यांमध्ये एकूण ८०५ क्रमांक मोजले जातात, पण अंक ८०३च आहेत. संपामुळे १२३ आणि १२४ निघालेच नाहीत. हे दोन शोधत कुणी फ्लोरा फाउंटनचे फूटपाथ झिजवू नयेत. मी झिजवणारे पाहिले आहेत.

माटुंगा_पूर्व:

रद्दीशोधकांशी सहमत, एक पुरवणी जोडतो. जालावरच्या बहुतेक याद्या इंग्रजी आवृत्तीवरून केलेल्या आहेत. मराठी अंक त्यांच्याशी ताडताना नुसत्या क्रमांकावर किंवा नावावर जाऊ नका, मराठी शीर्षक भलतंच असू शकतं. मुखपृष्ठाचं चित्र आणि आत बारीक अक्षरात छापलेली तारीख, दोन्ही जुळली तरच खूण करा.

वेताळाच्या कथांचा माग आणखी मागे काढता येतो. वेताळाचा निर्माता ली फॉक, त्याची वर्तमानपत्रातली रोजची चित्रपट्टी १७ फेब्रुवारी १९३६ ला सुरू झाली, रविवारची १९३९ मध्ये. इंद्रजालने त्याच पट्ट्या कापून, चौकटी हलवून पानात बसवल्या. त्यामुळे प्रत्येक वेताळ-अंकाची मूळ कथा सापडते. ऑस्ट्रेलियात फ्र्यू ही कंपनी १९४८ पासून फँटम छापते, तिकडच्या चाहत्यांनी या कथांच्या याद्या फार मन लावून केल्या आहेत. फक्त तिकडे डेंकाली (वेताळाचा देश) शोधाल तर मिळणार नाही. इंद्रजालने मूळ बेंगालाचं डेंकाली केलं आणि सिंग या समुद्री चाच्यांचं सिंगा. कथेच्या प्रसंगावरून शोधा.

तळाच्या अमेरिकन अंकांना मात्र ओव्हरस्ट्रीट चालेल. १९७० पासून निघते, त्या बाजारात तिचाच शब्द चालतो. नुसती ओळख पटवायची असेल तर ग्रँड कॉमिक्स डेटाबेस फुकट आहे, १९९४ पासून स्वयंसेवक चालवतात. पाहताना पहिल्या पानाच्या तळाची बारीक ओळ वाचा, मालिकेचं अधिकृत नाव आणि क्रमांक तिथे असतात. मुखपृष्ठावरचा महिना खरा धरू नका, अंक त्याच्या दोन-तीन महिने आधीच दुकानात यायचे.

चाळकरी:

दोघांचेही मनापासून आभार! १९६३ मिळवायची युक्ती लगेच वापरली, दुहेरी क्रमांकवाले अंक पटापट लागले. व्हॉल्यूम २१ आणि २२ चे बरेच निघाले, २० चे विरळ. साध्या क्रमांकांत पहिल्या ३२ पैकी एकही नाही, तेव्हा मामेभावाचे लाख तिथेच गेले. :)

अमर चित्र कथांचं कुणी सांगेल का? आणि प्रत पाहून 'स्थिती' कशी लिहायची? ओव्हरस्ट्रीटमधले दर्जे इथे वापरू का?

रद्दीशोधक:

दर्जांची मोजपट्टी वापरा, किमती सोडा. १० पैकी गुण असतात. निअर मिंट ९.४, फाइन ६, व्हेरी गुड ४ आणि गुड म्हणजे फक्त २. आपल्याकडे विकणारा "गुड कंडिशन" लिहितो तेव्हा त्याला ८ म्हणायचं असतं, घेणारा गाइड वाचून आलेला असेल तर तो २ समजतो, आणि मग फोनवर भांडणं. त्यापेक्षा मराठीत दोष लिहा: पिना गंजल्या, मागचं पान नाही, कोडं पेनने सोडवलंय, वाचनालयाचा शिक्का. कोड्याचं पान आणि मधली पानं मोजल्याशिवाय कुठलाही अंक 'पूर्ण' लिहू नका.

अमेरिकेत अंक पाठवून प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करून आणायचा सल्ला कुणी देईल. २००० पासून सीजीसी ही कंपनी ते करते. मराठी इंद्रजालसाठी तो खर्च म्हणजे निव्वळ हौस. शिवाय सील केल्यावर वाचणार कसं?

कागदकीड:

अमर चित्र कथा हा माझा विषय, जरा सविस्तर लिहिते.

अनंत पै यांनी १९६७ मध्ये इंडिया बुक हाउसतर्फे मालिका सुरू केली. त्याआधी ते टाइम्समध्ये इंद्रजालच्याच कामात होते, म्हणजे तुमच्या ट्रंकेतल्या दोन्ही थप्प्यांचं मूळ एकाच कचेरीत. इंग्रजी मालिका ११ व्या क्रमांकापासून सुरू होते, राम वाईरकरांनी काढलेल्या 'कृष्ण'पासून. पहिले दहा क्रमांक कन्नडमध्ये निघालेल्या परदेशी परीकथांचे होते. तेव्हा इंग्रजी १ ते १० नाहीत म्हणून हळहळू नका.

छपाई ओळखायला मी चार गोष्टी बघते. क्रमांक ५०१ पासून पुढचा असेल तर ती नंतरची नव्याने क्रमांक दिलेली आवृत्ती, जुन्यातली नाही. प्रकाशक म्हणून एसीके मीडिया असेल तर २००७ नंतरची. मग पत्ता. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला. पत्त्यात 'मुंबई २६' असा जुना विभाग असेल तर छपाई बहुधा त्याआधीची किंवा त्या आसपासची, सहा आकडी पिन असेल तर नक्की नंतरची. (इंग्रजी प्रतींवर बॉम्बे की मुंबई हेही बघता येतं, १९९५ चा बदल. मराठी प्रतींना ही सोय नाही, आपण आधीपासून मुंबईच लिहीत होतो.) चौथी गोष्ट मागच्या कव्हरवरची प्रकाशित अंकांची यादी. तुमच्या हातातला अंक कुठलाही असो, त्या यादीत शेवटचं नाव ज्या अंकाचं आहे त्याच्या आधी ही प्रत छापलेली असू शकत नाही. सर्वात भरवशाची खूण हीच. छापील किंमत मी शेवटी बघते, कारण दुकानदार तिच्यावर नवी चिकटपट्टी लावायचे.

रंगांवरूनही अंदाज येतो. अगदी सुरुवातीच्या छपायांत पिवळा, निळा, हिरवा एवढ्यावरच भागवलेलं असायचं.

आता बाइंडिंग. सोडवू नका! वाचनालयवाले शिवताना कडा कापायचे, ती कापलेली कड परत येत नाही. गाइडच्या हिशेबात कड कापलेला अंक तसाही खाली जातो. सोडवताना खळीने चिकटलेलं मुखपृष्ठ फाटेल, ते नुकसान वेगळंच. आख्खा गठ्ठा एक नग म्हणून नोंदवा आणि आतले अंक त्याखाली लिहा. शिक्का कुठल्या वाचनालयाचा तेही लिहा. गिरणगावातली ती वाचनालयं गेली, निदान त्यांची नावं कुठेतरी राहतील.

आणि पाऊस तोंडावर आहे. सेलोटेप, लॅमिनेशन, पीव्हीसीची चकचकीत पाकिटं या तिन्हींना हात लावू नका. पॉलिप्रॉपिलीनची पाकिटं चालतील, पण तोंड बंद करू नका, मुंबईच्या हवेत आत दमट कोंडून बुरशी येते. डांबरगोळी कागदाला टेकवू नका. सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या तर निळ्याच्या गुलाबी झाल्या की तापवून परत वापरता येतात. पत्र्याची ट्रंक वाळवीपासून वाचवते, कसरीपासून नाही. तेव्हा महिन्यातून एकदा उघडा.

माटुंगा_पूर्व:

कागदकीड, मागच्या यादीची युक्ती भारी आहे, इतकी वर्षं किंमतच बघत आलो.

एक सुचवतो. १९५४च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकांनी पुस्तकाची प्रत देशातल्या चार ग्रंथालयांना द्यायची असते, त्यातलं एक आपल्याकडे टाउन हॉलमध्ये आहे. मराठी इंद्रजालबद्दल तिथे विचारून बघा. मिळाले तर शिक्के नसलेले, न कापलेले अंक ताडून पाहता येतील.

नुसताच_वाचक:

खोका उघडला. आत फक्त बहिणीच्या दहावीच्या वह्या. धाग्यात आता निव्वळ वाचक म्हणूनच.

चाळकरी:

@नुसताच_वाचक :)))

कागदकीडताई, मागच्या कव्हरच्या याद्या वापरून थप्पी लावायला घेतली, मजा येतेय. 'मुंबई २६' फक्त एका इंग्रजी... म्हणजे 'बॉम्बे २६' असलेल्या प्रतीवर सापडलं, ती वेगळी ठेवली.

मराठी इंद्रजालची तयार यादी कुणाकडेच दिसत नाही, तेव्हा मी एक तक्ता सुरू करते: मराठी शीर्षक, क्रमांक किंवा व्हॉल्यूम-अंक, छापील तारीख, नायक, जुळणारं इंग्रजी शीर्षक, दोष. जे अंक प्रत्यक्ष हातात घेऊन पाहिले तेच भरायचे, ऐकीव नोंद नको. रविवारपर्यंत माझ्याकडचे टाकते. व्हॉल्यूम २० कुणाकडे आहे का?

रद्दीशोधक:

२० चे जवळजवळ निम्मे आहेत माझ्याकडे, भरतो. 'नायक'च्या शेजारी 'जोडकथा' असाही एक रकाना ठेवा, मागच्या पानांतल्या छोट्या कथा नेहमी सुटतात. मुखपृष्ठाचे फोटो फ्लॅश बंद करून काढा, आणि मामेभावाला ट्रंकेपासून लांब ठेवा.