पोस्टग्रेस एक्स्टेन्शन: मेमरी नेमकी कोण खातंय ते कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी, सल्ला हवाय. पोस्टग्रेस १६ या डेटाबेससाठी सी मध्ये एक्स्टेन्शन (जोड-प्रोग्राम) लिहितोय, बाहेरच्या फायली वाचून टेबलात भरतं. प्रत्येक फायलीला वेगळा मेमरी कॉन्टेक्स्ट (एकदम मोकळा करता येणारा मेमरीचा गट), पण सगळ्यांचं नाव एकच. आता सेशनची मेमरी फुगतेय नि पीजी_बॅकएंड_मेमरी_कॉन्टेक्स्ट्स व्ह्यूमध्ये एकाच नावाच्या साठेक ओळी येतात, त्यातली मोठी कुठल्या फायलीची ते कळतच नाही. नावातच फायलीचं नाव घालायला गेलो तर कंपाइल होत नाही. तुम्ही काय करता?

प्रतिसाद १
पोस्टग्रेस ११ पासून नाव म्हणून कोडमध्येच लिहिलेली ठरीव स्ट्रिंगच लागते, कारण नावाची कॉपी होत नाही, नुसता पॉइंटर (मेमरीतला पत्ता) ठेवला जातो. बदलत्या लेबलसाठी मेमरीकॉन्टेक्स्टसेटआयडेंटिफायर हे फंक्शन वापरा, त्याने लावलेलं लेबल म्हणजे आयडेंट. नाव म्हणजे कशाचा कॉन्टेक्स्ट, आयडेंट म्हणजे त्यातला नेमका कुठला. पोस्टग्रेस स्वतः हेच करतं, प्रिपेअर्ड स्टेटमेंटच्या (आधी तयार करून ठेवलेल्या क्वेरीच्या) कॅश्डप्लॅनसोर्स नावाच्या कॉन्टेक्स्टच्या आयडेंटमध्ये अख्खी क्वेरी दिसते बघा.

प्रतिसाद २
वरचं बरोबर, पण एक जपा, माझे यात दोन दिवस गेलेत. आयडेंटचीही कॉपी होत नाही. स्ट्रिंग त्याच कॉन्टेक्स्टमध्ये ठेवलीत तर डिलीट करताना दोन्ही एकदम जातात, ते ठीक, पण कॉन्टेक्स्ट रीसेट केलात (कॉन्टेक्स्ट ठेवून आतलं रिकामं केलंत) की स्ट्रिंग जाते आणि पॉइंटर मात्र तसाच राहतो, मग व्ह्यू वाचताना कचरा दिसतो नाहीतर क्रॅश. रीसेट करणार असाल तर स्ट्रिंग पालक कॉन्टेक्स्टमध्ये (ज्याच्याखाली हा बनवलाय त्यात) ठेवा.

धागाकर्ता
रीसेट करतोच आहे, बरं झालं सांगितलंत! आणि दुसऱ्या सेशनचं कसं बघायचं? व्ह्यू तर फक्त स्वतःचंच दाखवतो.

प्रतिसाद १
पोस्टग्रेस १४ पासून पीजी_लॉग_बॅकएंड_मेमरी_कॉन्टेक्स्ट्स हे फंक्शन आहे, त्या सेशनचा पीआयडी (प्रोसेस क्रमांक) द्या, माहिती सर्व्हर लॉगमध्ये पडते. एका पालकाखाली १०० च मुलं छापतो, पुढच्यांची नुसती बेरीज, आणि आयडेंट १०० बाइटला तोडतो. म्हणून अख्खा पाथ घालू नका, सगळ्यांची सुरुवात सारखीच दिसेल, फक्त फायलीचं नाव घाला. आणि त्या नावात ग्राहकाचं नाव वगैरे असेल तर ते लॉगमध्ये जाईल, तिथे आयडी वापरा, हे मनापासून सांगतो.

धागाकर्ता
सापडलं! लेबल लावल्यावर दिसलं की उरलेले सगळे कॉन्टेक्स्ट एरर आलेल्या फायलींचे होते. मी ते टॉपमेमरीकॉन्टेक्स्टखाली (सेशनभर टिकणाऱ्या सर्वात वरच्या कॉन्टेक्स्टखाली) बनवत होतो, त्यामुळे ट्रान्झॅक्शन अबॉर्ट झालं तरी ते साफ होत नव्हते. आता ट्रान्झॅक्शनच्या कॉन्टेक्स्टखाली हलवलेत, रात्रभर लोड चालवून उद्या इथेच कळवतो. दोघांचेही खूप आभार.