मदत हवी आहे: पेडर रोड पायी पाहण्यासाठी मार्ग व वेळ कशी आखावी?

नमस्कार. पुढील महिन्यात सांगलीहून माझी मावशी आणि वास्तुकलेच्या तिसऱ्या वर्षाला असलेला माझा भाचा चार दिवसांसाठी आमच्याकडे डोंबिवलीला येत आहेत. त्यांपैकी एक पूर्ण दिवस दोघांना घेऊन पेडर रोड, म्हणजेच डॉ. गोपाळराव देशमुख मार्ग, केम्प्स कॉर्नरपासून हाजीअलीपर्यंत शक्य तितका पायी पाहावा, असा माझा विचार आहे. या रस्त्याने मी नोकरीच्या काळात अनेक वर्षे बसने गेले. परंतु तेथे उतरून चालण्याचा प्रसंग कधी आला नाही. म्हणून त्या भागात राहणाऱ्या किंवा नेहमी जाणाऱ्या सदस्यांकडून मार्गदर्शन हवे आहे.

मावशीची इच्छा एकच आहे. मंगेशकर कुटुंब काही काळ सांगलीत राहिले होते, त्यामुळे तिच्या पिढीला लतादीदींविषयी घरच्या माणसासारखी माया आहे. त्यांचे वास्तव्य असलेली ‘प्रभुकुंज’ तिला एकदा पाहायची आहे. ती रहिवासी इमारत असल्याने आत जाण्याचा प्रश्नच नाही. समोरच्या पदपथावरून हात जोडता आले तरी तिला पुरेसे आहे. तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली असल्याने तेथे काही मिनिटे टेकता येईल अशी जागा जवळपास आहे का?

भाच्याला पाहायची आहे ती चार्ल्स कोरिया यांची ‘कांचनजंगा’. १९८३ साली पूर्ण झालेली ही ८४ मीटर उंचीची इमारत त्याला अभ्यासाला आहे, आणि त्याने समजावून सांगितल्यापासून मलाही तिचे फार कुतूहल वाटते. मुंबईत समुद्राचा वारा पश्चिमेकडून येतो, पण दुपारचे कडक ऊन आणि पावसाचा मारासुद्धा तिकडूनच येतो. जुन्या बंगल्यांमध्ये राहत्या खोल्यांभोवती व्हरांडा ठेवून ही अडचण सोडवली जात असे. कोरियांनी तोच व्हरांडा उंच इमारतीत नेला आणि कोपऱ्याकोपऱ्यांवर दोन मजले उंचीच्या बागवजा गच्च्या कोरल्या. एवढ्या मोठ्या इमारतीत सदनिका केवळ ३२ आहेत. या कोपऱ्यांच्या गच्च्या नीट दिसतील, त्यांचे रेखाटन करता येईल, आणि सुरक्षारक्षकांनाही त्रास होणार नाही, अशी रस्त्यावरील जागा कोणती? सकाळचा प्रकाश बरा की दुपारनंतरचा?

या इमारतीच्या रचनेचे अभियंते शिरीष पटेल यांनीच केम्प्स कॉर्नरचा १९६५ सालचा उड्डाणपूल उभारला. म्हणून सुरुवात पुलाच्या बाजूने करावी, असे मला वाटते. आधी पूल आणि मग ‘कांचनजंगा’ पाहिली, तर एकाच माणसाचे दोन प्रकारचे काम भाच्याच्या मनात शेजारी शेजारी राहील. मात्र त्या बाजूचा चढ मावशीला झेपेल का, की हाजीअलीकडून निघणे सोयीचे ठरेल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

दुपारची वेळ फिल्म्स डिव्हिजनच्या आवारातील राष्ट्रीय भारतीय चित्रपट संग्रहालयासाठी ठेवली आहे. २०१९ मध्ये खुल्या झालेल्या या संग्रहालयाचा एक भाग ‘गुलशन महाल’ या एकोणिसाव्या शतकातील बंगल्यात आहे. आता उंच इमारतींनी भरलेल्या या रस्त्यावर पूर्वी कशी घरे होती, हे आतून पाहायला मिळणारी ती एकमेव जागा असावी, असे मला वाटते. तेथे लिफ्टची किंवा चाकाच्या खुर्चीची सोय आहे का, आणि सर्व दालने सावकाश पाहायला किती वेळ धरावा? शाळांच्या सहलींची गर्दी कोणत्या वारी कमी असते?

‘अँटिलिया’साठी अल्टामाउंट रोडवर वळावे का, यावर आमच्या घरात दोन मते आहेत. १७३ मीटर उंच आणि तरीही अवघे २७ मजले असलेले ते घर भाच्याला पाहायचे आहे. मला मात्र तेवढ्या चालण्यात मावशीची शक्ती खर्च होऊ नये असे वाटते. पेडर रोडवरूनच ते पुरेसे दिसत असेल, तर आमचा प्रश्न मिटेल.

शेवटी वाहतुकीविषयी. डोंबिवलीहून लोकलने येऊन ग्रँट रोडला टॅक्सी घ्यावी, की महालक्ष्मीला उतरावे? परतताना महालक्ष्मीच्या देवळात दर्शन घ्यायचे आहे, त्यामुळे संध्याकाळी तेथून स्थानकाकडे जायला टॅक्सी सहज मिळते का, हेही कळवावे. आपण अलीकडे ज्येष्ठांना घेऊन या रस्त्याने चालला असाल, तर पदपथ कोठे अरुंद किंवा उखडलेला आहे तेवढे जरूर लिहावे.