निरोगी पांढऱ्या उंदराची संतती मूत्रपिंडाच्या आजाराने का दगावते?

जिज्ञासू: न्यूझीलंडमधील काळ्या उंदरांच्या एनझेडबी वाणात स्वतःच्याच रक्तपेशी नष्ट होतात, तर पांढरा एनझेडडब्ल्यू वाण जवळपास निरोगी असतो. तरीही या दोघांच्या संकरातून झालेल्या पहिल्या पिढीला ल्युपससारखा (म्हणजे रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते त्या आजारासारखा) मूत्रपिंडदाह होतो, हे १९६३ पासून ज्ञात आहे. निरोगी बापाकडून दोष येतो कसा?

जनुकवेडा: बाप निरोगी दिसतो, पण निर्दोष नसतो. याच घराण्यातून घडवलेल्या एनझेडएम२४१० वाणात १, ४ आणि ७ क्रमांकाच्या गुणसूत्रांवर तीन दोषस्थाने सापडली. त्यांपैकी पहिले, एसएलई-१, एकट्याने निरोगी वाणात आणले, तर रक्तात पेशीकेंद्राविरुद्धची प्रतिपिंडे दिसतात, पण मूत्रपिंड बहुधा शाबूत राहते; त्याला तिसऱ्या स्थानाची, एसएलई-३ ची, जोड मिळाली की मात्र तीव्र दाह होतो. गंमत म्हणजे एसएलई-१ ला दाबून ठेवणारे स्थानही पांढऱ्या वाणातच, १७व्या गुणसूत्रावर आहे. संकरात ही राखण दुबळी पडते.

प्रयोगशाळेतून: आम्ही दर पंधरवड्याला मादीच्या लघवीचा एक थेंब पट्टीवर घेतो. साधारण सहाव्या महिन्यानंतर पट्टीचा पिवळा रंग हिरवट होऊ लागतो, म्हणजे मूत्रपिंडाच्या गाळणीतून प्रथिने झिरपत असतात. नरांमध्ये हे बरेच उशिरा घडते. मात्र त्यांची वृषणे काढल्यास आजार लवकर येतो, म्हणजे संप्रेरकांचाही यात वाटा आहे; म्हणून केवळ जनुकांवर सारे खापर फोडणे मला पटत नाही.

जिज्ञासू: आभारी आहे. ‘राखण’ हा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता.