ग्रीसमधली योर्ती: योर्गोसला शुभेच्छा २३ एप्रिलला की ३ मेला?

अथेन्सचा_पाहुणा:
ऑफिसमध्ये एक योर्गोस, दोन मारिया आणि एक आरिस्तोतेलिस आहे. इथे मोठ्या माणसांच्या वाढदिवसापेक्षा योर्ती, म्हणजे नावाच्या संताचा दिवस, जास्त मानतात. योर्गोसची तारीख एका यादीत २३ एप्रिल, तर २०२७ च्या यादीत ३ मे आहे. खरी कोणती? शिवाय वर्गणी काढून केक आणायचा का?

नार्थेक्स:
दोन्ही खऱ्या. संत जॉर्जचा सण २३ एप्रिलचाच, पण त्या दिवशीच्या उपासनेत पुनरुत्थानाची स्तोत्रं असतात आणि ती ईस्टरआधी म्हणता येत नाहीत. म्हणून ईस्टर लांबला की सण ईस्टरनंतरच्या सोमवारी जातो. २०२७ चा ऑर्थोडॉक्स (म्हणजे ग्रीक चर्चचा) ईस्टर २ मेला, म्हणून योर्गोस ३ मेला. २०२६ मध्ये ईस्टर १२ एप्रिललाच असल्यामुळे तारीख हलत नाही. मार्कोसचं (२५ एप्रिल) तसंच, फक्त तो मंगळवारी जातो.
घोटाळा होतो तो भारतीय कॅलेंडरमुळे. त्यात पाश्चात्त्य ईस्टर छापलेला असतो, २०२७ साठी २८ मार्च. त्यावरून मोजलंत तर २३ एप्रिल बरोबरच वाटेल आणि तुम्ही दहा दिवस आधी शुभेच्छा देऊन बसाल.
मारिया बहुधा १५ ऑगस्टला, पण काही जणी २१ नोव्हेंबरला साजरा करतात. सरळ विचारा, कुणी रागावत नाही. आरिस्तोतेलिस, पेरिक्लिस अशा प्राचीन नावांना स्वतःचा संत नसेल तर सर्व संतांचा रविवार, ईस्टरपासून ५६ दिवसांनी: २०२६ मध्ये ७ जून, २०२७ मध्ये २७ जून.

कूलूरी:
वर्गणी अजिबात नको. ज्याची योर्ती, तोच मिठाईचा डबा आणतो आणि टेबलाटेबलावर फिरवतो. आपण एक तुकडा उचलायचा आणि "ख्रोन्या पोल्ला" (खूप वर्षं जगा) म्हणायचं. उशीर झाला तरी चालतं. घरी बोलावलं तर वाइनची बाटली, कुंडीतलं रोप किंवा मिठाई पुरे.
चूक होते ती उपवासाच्या काळात. कातेरिना (२५ नोव्हेंबर) आणि निकोस (६ डिसेंबर) नाताळआधीच्या उपवासात येतात. स्ताव्रोसचा १४ सप्टेंबर तर सणही आणि कडक उपवासही. पाळणाऱ्या घरी दूध-लोणी-अंड्यांचा केक नेलात तर तो तसाच पडून राहतो. तिळाचा हलवा न्या आणि दुकानात "निस्तीसिमो", म्हणजे उपवासाचं, म्हणून मागा. सगळेच उपवास करत नाहीत, पण घरात आजी असेल तर हलवाच बरा.
घरात नुकताच मृत्यू झाला असेल तर त्या वर्षी योर्ती करत नाहीत. अशा वेळी डबा फिरला नाही म्हणून चौकशी करू नये.

अथेन्सचा_पाहुणा:
मनापासून आभार. वसईच्या एका मित्राकडे कॅथलिक संतांची यादी आहे. ती चालेल?

नार्थेक्स:
अर्धवट. निकोस, कातेरिना, आंद्रेआस (३० नोव्हेंबर) जुळतात, पण बाकीच्यांत फसाल. वसई-गोव्यात सांत अंतोन म्हटलं की १३ जूनचा पदुआचा अँथनी. ग्रीक अँडोनिसचा दिवस १७ जानेवारी, तो इजिप्तच्या वाळवंटातला अँथनी. यानिसचा ७ जानेवारी, तर कॅथलिक जॉन बहुतेक २४ जूनला. वासिलिस इथे १ जानेवारी, तिकडे २. ग्रीक 'एओर्तोलोयिओ', म्हणजे योर्तींची यादी, शोधा, आणि यादी दरवर्षी नवी घ्या.

कूलूरी:
आणि घरच्यांना विसरू नका. योर्गोसच्या बायकोला "ना तॉन हेरेसे" (त्याचा आनंद तुला लाभो) म्हणायचं. शुभेच्छा तिलाही द्यायच्या असतात.