क्लबहाउसची खोली आणि दोन रिमोट

शनिवार, रात्री ८:४१
बी-२०४ : नमस्कार सर्वांना. आमच्या विंगच्या जिन्यात, पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर, रोज संध्याकाळी सात-आठ मुलं मोबाइल घेऊन बसलेली असतात. काल सासूबाई दूध घेऊन वर येताना एकाच्या पायाला अडखळल्या. लागलं नाही, पण पिशवी फुटली. मुलांवर राग नाही, त्यांनीच फरशी पुसून दिली. पण हे मोबाइल गेम सोसायटीने बंद करावेत असं माझं स्पष्ट मत आहे.

८:४४
सी-५०१ : सासूबाई बऱ्या आहेत ना ताई? जिन्यात बसायला मनाई करता येईल. घरात कोण काय खेळतं त्यात सोसायटी कशी पडणार? पावसाचे दिवस, त्यात खाली पेव्हर ब्लॉकचं काम चाललंय. मुलं बसणार तरी कुठे?

८:४९
बी-१०१ : जिन्यातल्या मुलांत आमचाही असतो, नववीतला. ताई, सासूबाईंची माफी मागायला त्याला उद्या पाठवते. पण मनापासून सांगते, मी थकले आहे. जेवायला हाक मारली की "दोन मिनिटं". मग वीस मिनिटं. परवा हातातून फोन काढून घेतला तर रडला. चौदा वर्षांचा मुलगा फोनसाठी रडतो, याला काय म्हणायचं?

९:०२
ए-३०२ : काकू, मी लिहू का थोडं? मी तिसरीत असल्यापासून गेम खेळतो, आता चाळिशीला आलोय, घर-नोकरी सांभाळून अजून खेळतो. म्हणून तुमच्या मुलाचं रडणं मला जरा वेगळं दिसतं. तो जो खेळतो त्यात चार जणांची टीम असते. मॅच साधारण अर्ध्या तासाची, आणि मध्ये थांबवायची सोयच नाही, कारण समोरही खरी माणसं असतात. तुम्ही फोन काढून घेतलात तेव्हा उरलेले तिघं उघड्यावर पडले. तो फोनसाठी नाही, त्या तिघांसाठी रडला असेल. जेवायला हाक मारण्याऐवजी मॅच सुरू व्हायच्या आधी "ही झाली की ताटावर" असं ठरवून बघा. आणि एकदा, एकदाच, पूर्ण मॅच त्याच्या बाजूला बसून बघा. काहीही न बोलता.

९:०५
बी-१०१ : बाजूला बसून? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

९:०६
ए-३०२ : कळायची गरज नाही काकू. तो सांगेल. सांगायला त्याला फार आवडेल.

९:११
ए-६०३ : मी रिटायर माणूस, पण या विषयात अगदीच कोरा नाही. पंचाण्णव-शहाण्णव साली मुंबईला जाताना गाडीत डब्यागणिक तो हातातला ब्रिक गेम वाजायचा. वरून ठोकळे पडतात तो. मी तो मुलासाठी घेतला आणि रात्री पांघरुणात स्वतः खेळायचो. हिला अजून माहीत नाही. म्हणजे आता झालं.

९:१९
ए-३०२ : काका, तो मूळचा टेट्रिस. १९८४ साली मॉस्कोत अलेक्सेई पाजितनोव्ह नावाच्या संगणकतज्ज्ञाने केला, सरकारी संशोधन केंद्रात काम करताना. चाळीस वर्षं झाली तरी लोक त्याच्या तळाशी जातायत. निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या जुन्या मशीनवरच्या त्याच्या आवृत्तीत २९ व्या लेव्हलच्या पुढे माणूस जाऊच शकत नाही असं कित्येक वर्षं धरून चालले होते, इतके ठोकळे वेगाने पडतात. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतला १३ वर्षांचा एक मुलगा खेळत खेळत १५७ व्या लेव्हलपर्यंत गेला आणि तिथे गेमच गोठला. मशीन थांबलं, मुलगा नाही. तो व्हिडिओ मी किती वेळा पाहिला असेल. शेवटी पोराला श्वास घेता येत नाही इतका आनंद होतो.

माझी सुरुवात मात्र टीव्हीला जोडायच्या, दोन रिमोटवाल्या गेमच्या डब्यापासून. १९९६ ची उन्हाळ्याची सुट्टी, मामांनी मुंबईहून आणला होता. मूळ जपानी मशीनची नक्कल, पण आम्हाला कुठे ठाऊक. पिवळी कॅसेट, तिच्यावर ९९९९ गेम लिहिलेले आणि आत फिरून फिरून तेच वीस-बावीस. कॅसेट चालली नाही की काढायची, फुंकर मारायची, परत लावायची. फुंकरीने काही होत नाही, उलट तोंडातल्या ओलाव्याने पिना गंजतात, हे मोठेपणी वाचलं. तेव्हा तर जो जास्त चांगली फुंकर मारतो त्याला पहिला नंबर मिळायचा. मारिओतले ढग आणि जमिनीवरची झुडपं म्हणजे एकच चित्र, फक्त पांढरं आणि हिरवं रंगवलेलं, हेही मोठेपणीच कळलं. १९८५ चा तो सगळा गेम ४० केबीत बसवला होता. या ग्रुपवर येणारा एक फोटोसुद्धा त्याहून मोठा असतो. एवढ्याशा जागेत कोणीतरी आमची अख्खी सुट्टी मावेल इतकं काही बसवलं, याचं मला अजून कौतुक वाटतं.

पण आवडता गेम विचाराल तर काँट्रा. दोघांनी मिळून खेळायचा. त्यात तिसरी लेव्हल धबधब्याची, खालून वर उड्या मारत जायचं. एक जण भराभर वर गेला की पडदा त्याच्याबरोबर वर सरकतो, आणि मागे राहिलेला खाली, पडद्याबाहेर जाऊन मरतो. गोळी न लागता. धाकटा भाऊ तेव्हा सहा वर्षांचा, त्याला ती लांब उडी जमायची नाही. मी पुढे पळायचो, तो मरायचा, रडायचा, आई येऊन टीव्ही बंद करायची. पंधरा दिवस हेच. मग एका दुपारी मी वरच्या दगडावर थांबलो. गोळ्या चुकवत नुसता उभा. तो आला. मग पुढच्या दगडावर. त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा धबधबा पार केला. थांबायला मी तिथे शिकलो, असं बायकोला सांगतो तेव्हा तिला आधी पटत नाही.

९:२६
सी-१०३ : वरखालीवरखाली विसरलात का? वर वर खाली खाली डावा उजवा डावा उजवा बी ए. काँट्रात सुरुवातीला एवढी बटणं दाबली की तीस लाइफ!

९:२७
ए-३०२ : दादा, ते कसं विसरेन. बोटांना पाठ आहे.

९:२९
सी-१०३ : आमचं हॉस्टेल मात्र क्रिकेट ०७ वर चाललं. रिची बेनॉ यांची कॉमेंट्री अजून कानात आहे. २००६ चा गेम, पण आपल्याकडची पोरं आजही त्यात नवे खेळाडू, नव्या जर्सी घालून खेळतात.

९:३३
सी-३०२ : मी डॉक्टर म्हणून दोन वाक्यं लिहिते, कारण उद्या हेच कोणीतरी घाबरून विचारणार. गेमचा विकार असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत तो १ जानेवारी २०२२ पासून अधिकृत आहे. पण जास्त वेळ खेळणं म्हणजे विकार नव्हे. खेळण्यावरचा ताबा सुटणं, जेवणखाण-अभ्यास-माणसं या सगळ्यांच्या आधी गेम येणं, नुकसान दिसत असूनही चालूच राहणं, आणि हे साधारण वर्षभर, असं असेल तर माझ्याकडे या. काकू, तुमचा मुलगा फरशी पुसून देतो, माफी मागायला जातो. शांत झोपा.

९:३५
बी-१०१ : खरंच बरं वाटलं. धन्यवाद.

९:३८
सी-५०१ : पैसे लावून खेळायच्या गेमचं काय? माझ्या चुलतभावाचे त्यात बरेच गेले. घरी कळलं तेव्हा उशीर झाला होता.

९:४२
ए-३०२ : ताई, वाईट वाटलं ऐकून. तो प्रकार मी गेम धरतच नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावायचे ऑनलाइन गेम बंद केले. त्यांच्या जाहिराती आणि बँकेचे व्यवहारही त्यात आले. त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सला, म्हणजे गेमच्या स्पर्धांना, खेळ म्हणून वेगळं स्थान दिलंय. जिन्यातल्या मुलांना हा फरक बसवून सांगायला हवा. "फोन वाईट" म्हटलं की सगळं एकाच पोत्यात जातं आणि ती आपलं बोलणं ऐकणं सोडतात.

९:४७
बी-२०४ : एक विचारू? तुम्ही मोठे झालात, घर-संसार आहे. अजून का खेळता? टोमणा नाही, खरंच विचारते.

१०:०८
ए-३०२ : ताई, उत्तर लांब आहे. चहा करून आलो.

बाबा गेल्यावर आईला निफाडजवळच्या गावाहून इथे आणलं. जमीन चुलतभाऊ करतो. आईचं आयुष्य कांद्यात आणि द्राक्षात गेलेलं, इथे एवढीशी बाल्कनी आणि सहा कुंड्या. दिवसभर टीव्ही लावून त्याच्याकडे न बघता बसायची. मी रात्री स्टारड्यू व्हॅली नावाचा गेम खेळायचो. ऑफिसला कंटाळलेला माणूस आजोबांच्या पडीक शेतावर जाऊन राहतो, एवढीच गोष्ट. एरिक बॅरोन नावाच्या अमेरिकन तरुणाने तो एकट्याने केला. चित्रं, संगीत, संवाद, सगळं. चार-साडेचार वर्षं लागली, २०१६ मध्ये आला, आणि आजवर ४ कोटींहून जास्त प्रती गेल्या.

एके रात्री आई मागून म्हणाली, "बुजगावणं लाव. कावळे खातील." मी लावलं नव्हतं. सकाळी, म्हणजे गेममधल्या सकाळी, कावळ्यांनी पीक खाल्लेलं होतं. मी दुसरा रिमोट काढून आईच्या हातात दिला.

आता आम्ही दोघं एकाच टीव्हीवर, पडदा अर्धा-अर्धा करून, एकच शेत करतो. मराठीत नाही, म्हणून मी वाचून दाखवतो. पहिला आठवडा तिचा अंगठा आणि नजर यांचं जमत नव्हतं, झारी भलतीकडेच रिकामी व्हायची. आता ती माझ्या पुढे आहे. त्यातला प्रत्येक ऋतू २८ दिवसांचा, आणि ऋतू पालटला की आधीच्या ऋतूचं पीक एका रात्रीत वाळतं. सुरुवातीला पांढऱ्या गाजरासारखं एक पीक असतं, चार दिवसांचं. मी ते पंचविसाव्या दिवशी लावलं. आईने बोटं मोजली, "एकोणतिसाव्याला निघेल. महिना अठ्ठावीसचा. बियाणं गेलं." गेलं. वीस वर्षं प्रोग्रॅमिंग करतोय, मला मोजता आलं नव्हतं. तेव्हापासून पेरणीची तारीख तिच्या डायरीत असते, किराण्याच्या हिशेबाशेजारी.

तिची मतं ऐकण्यासारखी आहेत. माल रात्री पेटीत टाकायचा, सकाळी पैसे. "लिलाव नाही? ट्रॅक्टर रांगेत नाही लावायचा?" नाही. आणि कितीही माल टाका, भाव तोच. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तुझ्या बाबांना दाखवायला हवं होतं." बाबा लासलगावला कांदा घेऊन जायचे आणि परत आले की आम्ही भाव विचारायचा नाही, चेहरा बघायचा.

गेममधला हिवाळा तिला अजून मान्य नाही. बर्फ पडतो, बाहेर जवळजवळ काही पिकत नाही. "थंडीत रान मोकळं? अरे थंडीतच तर गहू, हरभरा, उन्हाळ कांदा!" मी सांगितलं की करणारा अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातला, त्याच्याकडची थंडी वेगळी. तिने विचार केला आणि म्हणाली, "मग त्याला इकडे बोलाव, रब्बी दाखवू."

आणि ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. दोघं मिळून खेळताना एक जण जाऊन झोपला तरी दिवस संपत नाही. दोघंही अंथरुणावर गेले की दुसरी सकाळ होते. मी लवकर आवरून दारात उभा असतो आणि आई अजून अंगणात गायींशी बोलत असते. मी थांबतो. धबधब्यासारखाच. दिवसभरात आम्ही एरवी जे बोलत नाही ते त्या थांबण्यात बोलून होतं. गुडघ्याचं दुखणं तिने मला तिथेच सांगितलं, घरात दोन महिने लपवलं होतं.

भाऊ आता कॅनडात आहे. रविवारी आमची रात्र, त्यांची सकाळ. इट टेक्स टू नावाचा गेम खेळतो, २०२१ चा. एकट्याला तो सुरूच करता येत नाही. एकाने विकत घेतला की दुसऱ्याला फुकट. उड्या मारताना आता तो पुढे असतो आणि माझ्यासाठी थांबतो.

१०:१५
बी-२०४ : वाचलं. सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं.

१०:१७
ए-१०४ : दादा मी दहावीत आहे. असे गेम आपल्याकडे कोणी बनवतं का? मला चित्रं काढायची आहेत त्यातली.

१०:२१
ए-३०२ : बनवतात की! २०२० मध्ये आलेला राजी नावाचा गेम आपल्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने केलाय. भावाला शोधायला निघालेली मुलगी, पाठीशी दुर्गा आणि विष्णू. त्यातल्या भिंतींवरची चित्रं बघ, थांबून बघ. तुझी चित्रवही घेऊन ये, मला बघायची आहे.

आणि सचिव काका, खरं मागायचं होतं ते आता मागतो. क्लबहाउसची मागची खोली वर्षभर बंद आहे. माझ्याकडे जुना ३२ इंची टीव्ही आणि चार रिमोट आहेत. शनिवार-रविवार ५ ते ७. मोबाइल बाहेरच्या टेबलावर. फक्त शेजारी बसून खेळायचे गेम, मारधाडीचे मोठ्यांचे गेम नाहीत. मी पूर्ण वेळ तिथे असेन.

१०:२६
सचिव : प्रस्ताव चांगला आहे. विजेचं बिल?

१०:२७
ए-३०२ : मी देतो काका.

१०:२८
ए-६०३ : निम्मं माझं. ठोकळ्यांचा असेल ना?

१०:२८
ए-३०२ : असेल काका.

१०:३१
सचिव : महिनाभर करून बघू. परीक्षेच्या आठवड्यात खोली बंद. जिन्यात कोणी बसलेलं दिसलं तरी बंद. किल्ली उद्या साडेचारला वॉचमनकडून घ्या. आत जुन्या खुर्च्यांचा ढीग आहे, तो आधी हलवावा लागेल.

१०:३३
बी-१०१ : खुर्च्या हलवायला आमचा येईल. आत्ता त्याच्या बाजूलाच बसले आहे, मॅच चालू आहे. मला झाडामागे लपायला सांगतोय.

१०:३६
बी-२०४ : सासूबाई विचारतायत, ते शेत मोठ्या माणसांना बघायला मिळेल का. त्यांचं माहेर जुन्नरकडचं.

१०:३८
ए-३०२ : आई म्हणते पावणेपाचलाच या, मुलं यायच्या आधी. चष्मा आणा, अक्षरं बारीक आहेत.