नुसता इको बंद करून भागत नाही
प्रोग्रॅममधे युजरकडून पासवर्ड घेताना इको (टाइप केलेली अक्षरं स्क्रीनवर दाखवणं) बंद करून तो वाचा असं सांगतात ते बरोबरच आहे, पण ती सेटिंग प्रोग्रॅमची नाही तर टर्मिनलची (कमांड टाइप करायच्या विंडोची) असते, त्यामुळे युजरने मधेच कंट्रोल-सी दाबलं आणि प्रोग्रॅम मेला तर इको बंदच राहू शकतो, मग तो बिचारा टाइप करत बसतो आणि स्क्रीनवर काहीच उमटत नाही. म्हणून आधी जुनी सेटिंग सेव्ह करा आणि कंट्रोल-सीसारखा प्रोग्रॅम थांबवणारा सिग्नल आला तरी ती परत लागेल असं बघा (अडकलातच तर काही दिसत नसलं तरी 'stty echo' (एसटीटीवाय इको) टाइप करून एंटर मारा). पायथॉनमधे हे हाताने करूच नका, त्यासाठी तयार गेटपास (getpass) मोड्यूल आहे की. आणि प्लीज, पासवर्ड कमांडच्या आर्ग्युमेंटमधे (म्हणजे कमांडच्या नावापुढेच टाइप करायला लावून) घेऊ नका, पीएस (ps, चालू प्रोग्रॅमची यादी दाखवणारी कमांड) केलं की त्याच मशीनवरच्या बाकीच्यांना तो दिसू शकतो.