एकाच घरातल्या दोघांपैकी एकालाच व्यसन का जडते?

प्रश्न : सोलापुरात आमच्या घरचे यंत्रमाग आहेत. माझे दोन्ही मामेभाऊ रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून तंबाखू-सुपारीचा मावा खाऊ लागले. थोरल्याने तो सहज सोडला. धाकट्याची मात्र पुडी संपली की चिडचिड सुरू होते आणि तुटलेला धागा जोडण्यातही त्याचे चित्त लागत नाही. हा मनाचा दुबळेपणा समजावा काय?

उत्तर १ : कृपया तसे समजू नका. जुळ्यांच्या अभ्यासांनुसार व्यसनाच्या धोक्यात आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा असतो. धाकट्याने कोणत्या वयात सुरुवात केली, हेही विचारा, कारण आवेग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो आणि त्याआधी लागलेली सवय अधिक खोल रुजते. बालपणीचे आघात व नैराश्यही धोका वाढवतात.

उत्तर २ : परिस्थितीचा वाटाही मोठा आहे. व्हिएतनाममध्ये हेरॉइनच्या आहारी गेलेल्या अमेरिकी सैनिकांपैकी बहुतेकांना मायदेशी परतल्यावर ते व्यसन पुन्हा जडले नाही, असे संशोधक ली रॉबिन्स यांना १९७०च्या दशकात आढळले.

प्रश्नकर्ता : त्याने सुरुवात नववीत असताना केली होती. त्याची रात्रपाळी बदलता येईल.

उत्तर १ : अवश्य बदला. सोबत १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर त्याला स्वतः बोलू द्या.